शेंगांपाशी मिटलेले पुस्तक

प्रिय धाकट्या,

तुझे पत्र पोहोचले. उत्तरास विलंब झाला, तो माझ्याकडून.

माझी डावी बाजू गेल्यापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत शास्त्र थोरला वाचतो. तुझे पत्र आले त्या दिवसापासून तो एकच दाखला वाचत आहे, येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा. धाकटा आपली वाटणी घेऊन निघून जातो, सर्व उडवून बसतो, डुकरांच्या शेंगांवर पोट भरू पाहतो. आणि तेथे थोरला पुस्तक मिटतो. तुझी वहिनी स्पष्टवक्ती. पहिल्याच दिवशी म्हणाली, “अहो, पुढे तो घरी येतो ना?” त्यावर उत्तर मिळाले, “उरलेलं उद्या.” दुसऱ्या दिवशी वाचन पुन्हा पहिल्यापासून. “आपल्याकडे तो डुकरांतच म्हातारा होणार वाटतं,” असे ती भाजी निवडताना पुटपुटली. मला हसू आले. फार वेळ टिकले नाही.

परवा मला राहवले नाही. पुस्तक मिटताच पुढचे मी म्हणून दाखवले: बापाने त्याला दुरून पाहिले, तो धावत गेला, त्याच्या गळ्यात पडला. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु पाठांतरात मी कोणास हार गेलेलो नाही. थोरला माझे पाय पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “बाबा, तुम्हीही अर्ध्यातच थांबलात. पुढे थोरला शेतातून येतो, रागावून घरात पाऊल टाकत नाही. इतकी वर्षं राबलो, म्हणतो. तेही म्हणा ना.” मला ते येत होते. म्हणता आले नाही. तू रंध्याचे यंत्र विकून गेलास, तेव्हा त्याने हाताने रंधा मारून आपले सुतारकामाचे दुकान चालू ठेवले. आज मला कुशीवर वळवतो तोही तोच.

रविवारी येतोस, असे तू लिहिले आहेस. दाखल्यातल्या बापाचे पाय त्याचे होते आणि घरही त्याचे होते. माझ्या बाबतीत ही दोन्ही आता थोरल्याच्या हाती आहेत. दाराची वरची कडी मीच घडवून बसवली; रोज ती तोच लावतो, माझा हात तेथवर पोहोचत नाही. म्हणून ‘ये’ असे लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही, आणि ‘येऊ नकोस’ असे लिहिण्याचे बळ नाही. एवढेच सांगतो, दार वाजवू नकोस. आधी दुकानात जा. दाखल्यातला धाकटा थोरल्यासमोर कधी उभा राहिलाच नाही. बापाने बाहेर जाऊन विनवल्यावर थोरला आत आला किंवा नाही, हे शास्त्रातही लिहिलेले नाही. मी पुन्हा उघडून पाहिले.

तुझाच, आणि त्याचाही,
बाबा