पूर्वेच्या डबक्याची हद्द

मी, ऑर्विन टॉलेफसन, वय एक्क्याऐंशी, राहणार ल्युंडबी, हॅल्वर काउंटी, नॉर्थ डकोटा, माझ्या मागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते या कागदाने ठरवून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांची गरज नसते, असे वकील जोलीन केटरलिंग यांनी सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलाने आणून पाहिले, ते लागू पडले नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

पहिले. बँकेत जे काही उरेल ते आणि माझी दिवंगत पत्नी आर्डिस हिची रंगवलेली पेटी माझी मुलगी गेल हिला द्यावी. पेटीची बिजागरी तिच्या भावाने, कर्टिसने, मोडली होती, गेलने नव्हे. हे तिच्या आईला शेवटपर्यंत पटले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

दुसरे. घर, अंगणातली विहीर, ट्रॅक्टर, पेरणीयंत्र आणि सर्व शेती माझा मुलगा कर्टिस याला. तो शेती माझ्यापेक्षा चांगली करतो. हे त्याला मी गेल्यावरच वाचायला मिळावे. यातून पूर्वेचे डबके मात्र वगळले आहे.

तिसरे. हे डबके. केंद्र सरकारच्या अखत्यारीतले पाणी म्हणजे नेमके कोणते, यावर सरकारने माझ्या हयातीत इतक्यांदा चर्चच्या तळघरात सभा भरवून जनतेचे मत मागवले की तिथली पातळ कॉफी पिताना मला अजूनही हाच विषय आठवतो. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटे मिळत. मी दरवेळी तेच बोललो: हे डबके कुठून येत नाही, कुठे जात नाही, वॉशिंग्टनने त्यात बोट घालू नये. शेवटी सरकारी साहेबांना विचारायचो, "पाणी कशाला म्हणायचं हे तुम्हाला ठरवता येईना, आणि मला शेती शिकवायला आलात?" टाळ्या पडत.

अखेर नियम बदलला आणि डबके सरकारच्या अखत्यारीतून सुटले. त्याच आठवड्यात कर्टिसने जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालणाऱ्याला फोन केला.

"बाबा, तुम्हीच तर जिंकून दिलंत," तो म्हणाला.

मी ते डबके आटवायला भांडलो नव्हतो. कोणी सांगितले म्हणून ठेवायचे नव्हते, इतकेच. मोठ्या दुष्काळात सगळ्यांच्या विहिरी कोरड्या खडखडीत असताना आमच्या विहिरीला पाणी होते ते त्याच्यामुळे. कर्टिस म्हणतो, आता नळ आहे. नळ आहे हे खरे. शिवाय बेडूक ओरडायला लागले की आर्डिस खिडकी उघडून बसायची. त्याची चर्चा मी इथे करणार नाही.

सरकार कर्टिसला अडवणार नाही, तेव्हा मलाच अडवावे लागेल. म्हणून हे डबके मी माझा शेजारी पामर स्लेटन याला देतो. पामरला बदकांचा पुळका नाही. निचऱ्याचे पाणी त्याच्या गवताच्या कुरणात शिरेल, म्हणून तो थेंबभरही हलू देणार नाही. प्रेमापेक्षा मी गवतावर जास्त विसंबतो. याच कारणावरून पामर आणि कर्टिस गेल्या हिवाळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

इथे जोलीनबाईंनी पेन खाली ठेवले. "डबकं कुठपर्यंत धरायचं?"

"पाणी असतं तिथपर्यंत."

"कोणत्या महिन्यातलं पाणी?"

मे महिन्यात ते पार रस्त्याला टेकते. ऑगस्टच्या अखेरीस त्यात माझी टोपी भिजणे कठीण. मी म्हणालो, लव्हाळी उगवतात तिथपर्यंत लिहा. त्या म्हणाल्या, लव्हाळी माझ्या कार्यालयासमोरच्या गटारातही आहेत, तेही पामरला देताय का? मी घरी आलो. साहेबांना तो प्रश्न विचारताना जे हसू यायचे, ते या वेळी आले नाही.

मग सरकार करते तेच मी केले. कलमाचा मसुदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि हरकती मागवल्या. कॉफी मात्र कडक केली.

गेलने फोनवरून कळवले, "तुम्ही काहीही ठरवा बाबा, पण त्या दोघांना एका खोलीत बसवू नका." मी दोघांनाही बोलावले होते.

कर्टिस म्हणाला, "स्वतःच्या पोराची जमीन शेजाऱ्याला? सरकारी सभेत असं कोणी बोललं असतं तर तुम्ही उठून गेला असतात."

"गेलोच होतो. तू बस. तुझी दोन मिनिटं राहिलीत."

पामर भिंतीकडे बघत म्हणाला, "हद्द मला विचार ना, ऑर्विन. दर वसंतात दोन ओळी जास्त पेरायच्या हावेनं तू ट्रॅक्टर घालतोस, तो रुततो, आणि मी साखळी लावून ओढतो. कुठंकुठं रुतलायस ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे."

"यांना हाव," कर्टिस म्हणाला, "आणि मला हिशेब."

"तुलाही ओढलंय मी. दोनदा."

कर्टिसने कॉफी संपवली.

तेव्हा हद्द अशी: जिथे जिथे टॉलेफसनांचा ट्रॅक्टर रुतला, त्या जागा जोडून आतले सर्व ते डबके, मग त्यात पाणी असो वा नसो. पामरने तिथे खुंट ठोकले, जोलीनबाईंनी मोजणीदाराकडून ते नकाशावर घेतले. खुंट ठोकताना पामरने पाण्याला जरा झुकते माप दिले. मी पडवीतून पाहत होतो.

सर्व हरकतींचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला. मसुद्यात बदल नाही.

चौथे. सरकार पुन्हा मत मागवील. त्याशिवाय राहवत नाही त्यांना. तेव्हा मालक म्हणून पामरने आणि टॉलेफसन म्हणून कर्टिसने जाऊन विरोध करावा. घराची रीत मोडू नये. डबके मात्र आटवू नये.

पाचवे. माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली जड साखळी पामरची आहे. मी ती परत केली नाही, त्यानेही मागितली नाही. कर्टिसने ती स्वतःसाठी मागितली आहे. ती त्याला देऊ नये. माझा दफनविधी उरकला की ती पामरच्या घरी पोचवावी. पुढच्या मे महिन्यात कर्टिस खुंटांच्या आत दोन ओळी पेरायला जाईल आणि रुतेल. मग त्याला पामरचे दार वाजवावे लागेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून खालील दोघांसमोर सही करतो. पामरला या कागदाने मिळकत मिळते, म्हणून त्याची साक्ष घेतलेली नाही. तो बाहेर गाडीत बसून आहे.

ऑर्विन टॉलेफसन (सही)

साक्षीदार: बर्डेल नाइस्ट्रॉम (सही)
साक्षीदार: रेव्हरंड कॉनराड माउख (सही)

स्थळ: ल्युंडबी
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५. डबके आज कोरडे आहे.