पत्रकातला शिलारस

मंगळवार, ४ मार्च

माझ्या पत्रकातला शब्द बदलला! मला न विचारता! ज्वालामुखी वेधशाळेतून मी लिहून पाठवलं होतं — ‘डोंगराखालचा शिलारस वर सरकत आहे, उत्तर उतारावरच्या वस्तीने शिबिरात जावे.’ छापून आलं — ‘डोंगरातून लाव्हा येत आहे.’ येत आहे? कुठून? कुणी पाहिला?

प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे गेले. खुर्चीतून हलला नाही. म्हणे, "मॅडम, शिलारस कुणाला कळतो? लाव्हा पोराटोरांना माहीत असतो. एकच तर आहे ते." एकच! जमिनीच्या आत असतो तोवर शिलारस, बाहेर पडला की लाव्हा. शाळेच्या पुस्तकात आहे. हा माणूस शाळेत काय माश्या मारत होता?

बुधवार, ५ मार्च

साहेबांकडे दाद मागितली. वेधशाळेचे प्रमुख, माझ्यासारखेच दगड फोडत वर आलेले. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "लोक शिबिरात गेले ना? मग शब्दाचा कीस कशाला काढता?" निदान त्यांना तरी कळायला हवं होतं. नुसता संताप होतो.

उत्तर उतार कालपेक्षा जास्त फुगलाय.

गुरुवार, ६ मार्च

व्हायचं तेच झालं. ताईचा फोन — शिबिरातून उतारावर घरी परतली! एकटी नाही, अख्खी गल्ली. "अगं, सतरंजीवर पडून नुसतं डोंगराकडे बघायचं? लाव्हा कुठंय तुमचा? साधा धूर नाही. इथे शिवणाचा ढीग पडलाय, गिऱ्हाइकं माझा जीव खातील." मी ओरडले. ती हसली. "तुमच्या ऑफिसनं शेंडी लावली आम्हाला."

तडक प्रसिद्धीवाल्याकडे. दुरुस्ती छापा म्हटलं. तर म्हणतो, "आता बदललं तर आपलं हसं होईल." हसं! तुमच्या हशापायी माझी बहीण… टेबलावर हात आपटला. अजून ठणकतोय.

शुक्रवार, ७ मार्च

दुरुस्ती नाही. साहेब बैठकीत. प्रसिद्धीवाला जेवायला गेलाय म्हणे. सकाळी दहाला कसलं जेवण?

शनिवार, ८ मार्च

ताईला पुन्हा फोन केला. शिलारस, लाव्हा, दाब, वायू, फुगलेला उतार — सगळं एका दमात ओतलं. शेवटी म्हणाली, "छकुले, मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याचाही शब्द नाही नि तुझाही नाही."

ज्या शब्दासाठी मी साऱ्या ऑफिसशी वैर घेतलं, तो माझ्या सख्ख्या बहिणीला ठाऊक नव्हता. भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना.

मग म्हटलं, "ताई, गॅसवर दूध आहे, वर घट्ट झाकण. बाहेरून पातेलं शांत दिसतं, आत दूध चढत असतं. ते झाकण उडालं की तुला पळायला वेळ मिळेल का?"

तिनं विचारलं, "उतार फुगलाय म्हणत होतीस, ते हे?"

"हेच."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" चांगलीच चिडली होती. "ठेव फोन. गल्लीत सांगून येते, मग निघते."

आधी तू निघ, म्हटलं. शंभरदा म्हटलं. "हो गं बाई," म्हणाली.

रविवार, ९ मार्च

पहाटे उत्तर उतार फुटला. आता त्याला लाव्हाच म्हणायचं. गल्लीतली सगळी माणसं शिबिरात पोचली आहेत. मलाच विचारतात — ताई कुठं आहे?