जोडीविना उरलेली नोंद

मंगळवार, संध्याकाळ. मारतहळ्ळी.

लॅबच्या संगणकात आज दोन तक्ते जुळवून पाहिले: घेतलेले नमुने आणि दिलेले रिपोर्ट. एकच नोंद जोडीविना उरली. सहा वर्षांची मुलगी, कमरेच्या हाडातली मज्जा. नमुना आम्हीच हरवलाय. न्यायशास्त्रात अभाव, म्हणजे एखादी गोष्ट नसणं, हाही एक पदार्थ, सातवा. पाठशाळेत नुसता घोकला, दर्शन आज झालं. शेजारच्या टेबलावरच्या सुधाक्कांना हे ऐकवलं, त्या हसल्या नाहीत. "शास्त्रीबुवा, तिच्या आईला तुम्हीच सांगा."

फोनवर 'हरवला' म्हणायला जीभ रेटेना. "नमुना पुन्हा घ्यावा लागेल," एवढंच म्हणालो.

"तीच सुई, अण्णा? चौघांनी धरलं होतं तिला."

सहा वर्षांची. "हो, तीच," म्हणालो.

"सरी, ठीक आहे. किती वाजता आणू?" तिनेच विचारलं. आणि आठवणीनं फोन केल्याबद्दल माझे आभार मानले.