गयाच्या दारातला स्पीकर

२ ऑक्टो. ८८
दत्ताचं दोन दिस झाले एकच चाललंय. टेपला स्पीकर कोणते घ्यायचे? परभणीच्या दुकानातले पेटीवाले, का त्याच्या दोस्तानं दुबईहून आणलेले चपटे? चपटे म्हंजे खिडकीच्या कवाडाएवढ्या पांढऱ्या फळ्या. थर्माकोलावानी हलक्या, चौकटीत बसवलेल्या, मागनं उघड्या. "माय, तूच सांग." मी म्हनलं, पेटीत उंदरीण बाळंत व्हईल, चपटे घे. नात हसायली. मंजू, हसू नको, लिही. मला अक्षर येत न्हाई, हिला येतं पण सांगायला काई नसतं. असं दोघींचं जमलंय.

४ ऑक्टो.
आणले. पित्तरपंधरवड्यात! अक्कल गहाण. नवी वस्तू आता घट बसल्याबिगर उघडायची न्हाई म्हनलं, बाजेखाली सरकव. सरकवले. तवापासून दत्ता खुडूक कोंबडीवानी बाजेवरच बसून हाय.

७ ऑक्टो.
पलीकडं गयानं नवऱ्याचं श्राद्ध घातलं. गया माझी धाकटी जाऊ. मधल्या भिंतीत येण्याजाण्याचं दार व्हतं. वाटणीच्या साली नळाच्या पाण्यावरनं वाजलं, तवा दोघा भावांनी आपापल्या बाजूनं फळ्या ठोकल्या. भाऊ दोघंबी गेले, फळ्या ऱ्हायल्या. आमी दोघी बोलत न्हाई. वड्याचा वास तेवढा फटीतनं येतो, त्याला कोण अडवणार.
समोरची सांगायली, गयाचा ल्योक दिवाळी झाली की तिला औरंगाबादला नेणार. घराला कुलूप. म्हनलं, बरं हाय, शांतता.
मंजू, 'बरं हाय'च्या खाली रेघ कशाला मारली?

११ ऑक्टो.
घट बसले. स्पीकर उघडले. भिंतीला टेकवून लावले तर तोंडावर गोधडी घेऊन कुणी गायलंय असं वाटायलं. दत्ता म्हनला, हे पुढून वाजतात तेवढेच मागूनबी वाजतात, मागं मोकळं पाहिजे. बैठकीत मोकळं कुठं? बाज, कपाट, शिलाई मशीन, आता घट. दिसभर स्पीकर काखेत घेऊन फिरला, रडकं लेकरू फिरवावं तसा. शेवटी जेवायलाबी शेजारी घेऊन बसला.

१२ ऑक्टो.
एक खिडकीपाशी बसला. दुसरा कुठंच बसंना. मीच म्हनलं, बंद दाराम्होरं ठेवून बघ. ठेवला. लय गोड वाजला. दत्ताला नवल. मंग त्यानंच सांगितलं, दाराच्या फळ्या पातळ हायत, फटी हायत, मागच्या आवाजाला वाट मिळाली.
"जातो कुठं मागचा आवाज?"
"काकूच्या घरात. आता ती भांडंल बघ."
म्हनलं, भांडू दे, तेवढं तरी बोलंल. मंजू, हे लिहू नको.
(लिहिलं हिनं.)

१५ ऑक्टो.
सकाळी देवीच्या गाण्याची कॅसेट. पलीकडं खलबत्ता चालला व्हता, तो थांबला. कॅसेट संपली, परत सुरू झाला. दुपारी तसंच. म्हंजे ऐकायलीय बया.
दत्ताला म्हनलं आवाज वाढव, मला कमी ऐकू येतं. मंजू म्हनती, "आजी, काल तर तुला गल्लीच्या तोंडाशी दूधवाला ऐकू आला." माझं ऐकू येणं माझं मी बघीन.

२० ऑक्टो. दसरा
दत्ताची सायकल पुजली, माझी मशीन पुजली. म्हनलं ह्यांनी काय घोडं मारलंय. स्पीकरच्या पांढऱ्या फळीला वलं हळदीकुंकू लावलं चांगलं बोटभर, चौकटीला झेंडूचा हार. टेप लावली तर आवाज फरफर फरफर, फाटक्या पत्रावळीवानी. दत्ता कपाळाला हात लावून बसला. हार काढला, फडकं घेऊन पुसायला लागला. पुसता पुसता कॅसेटची एक बाजू संपली, कुणाचं ध्यान न्हाई. घर गप.
तेवढ्यात दाराच्या फळ्यामागनं आवाज. किती वर्सांनी.
"आक्का, दुसरी बाजू लावा की."
दत्ताच्या हातातलं फडकं तसंच ऱ्हायलं. म्हनलं, "लावते. तू आधी चुलीकडं बघ, दूध उतू गेल्याचा वास यायलाय."
भांडं आपटल्याचा आवाज आला.
पुरणपोळी गोड लागली आज. गूळ तेवढाच व्हता.

२३ ऑक्टो.
पुन्हा बोलली न्हाई. मीबी न्हाई. मी थोरली हाय.
दत्ता आता स्पीकर हलवतो म्हनतो. कुणीतरी सांगितलं, दारापासून पुढं वढला तर ढोलकी आणखी चांगली घुमंल. मी न्हाई म्हनलं.
"माय, तुला काय कळतंय त्यातलं?"
"मला मागच्या बाजूचं कळतंय."
स्पीकर तिथंच ऱ्हाऊ दिला. शाना हाय तसा.

२८ ऑक्टो.
गयाचा ल्योक आला व्हता. दोन ट्रंका म्होरं घेऊन गेला. भाऊबीज झाली की तिला नेणार, ठरलं. निघताना माझ्या पाया पडून गेला, रस्त्यावरनं येऊन. म्हनलं, तिला चुलीवरच्या भाकरीबिगर जमत न्हाई, ध्यान ठेव. त्यानं मान हलवली. गॅस हाय त्याच्याकडं.

३० ऑक्टो.
स्पीकर बाजूला घेतला. दत्ताला पक्कड आणायला लावली. आपल्या बाजूचे खिळे काढले. गंजलेले व्हते, कुरकुरले, पलीकडं ऐकू गेलं असणारच. फळ्या बाजेखाली टाकल्या. मंग स्पीकर परत व्हता तिथं. दत्ता म्हनला, तिकडच्याबी काढतो फिरून जाऊन. म्हनलं, तिच्या बाजूच्या फळ्या तिच्या. आपण हात लावायचा न्हाई.
कॅसेट लावली. एक बाजू संपली. दत्ता पालटायला उठला, मी म्हनलं बस.
बसलोत.
पलीकडं दारापाशी स्टूल वढल्यावानी वाजायलंय. मंजू, आता लिहू नको, ऐकू दे