माझ्या न झालेल्या आजाराचा खुलासा

शाहूपुरी, कोल्हापूर
शनिवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप निलव्वाअक्काच्या पायाशी धाकटा भाऊ गुरुसिद्ध याचे शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (मी तर फारच ठीक आहे, आणि तुझा राग नेमका त्यावरच आहे हे मला ठाऊक आहे.) तुझी तब्येत कशी आहे? ‘मला काय धाड भरलीया’ हे तुझं नेहमीचं उत्तर मी इथूनच ऐकलं, त्याहून वेगळं काही असेल तर कळव. तुझे गुडघे, म्हैस, महांतेश, सूनबाई आणि नातवंडं यांची याच क्रमानं खुशाली विचारतो. म्हैस महांतेशच्या आधी आली हे त्याला सांगायची गरज नाही, घरातली आपली जागा त्याला माहीत आहे.

काल दिवसभर तुला फोन केले. सकाळी महांतेश म्हणाला आई देवघरात आहे, दुपारी म्हणाला देवघरात आहे, दिवेलागणीला म्हणाला अजून देवघरातच आहे. एवढी पूजा मठातले स्वामीसुद्धा करत नसतील. म्हणून हे पत्र लिहून शेजारच्या बाळासोच्या हाती पाठवतोय. परवा गुरुवारी तू गडहिंग्लजहून एवढी धावत आलीस आणि आमच्या दारातून पाण्याचा घोटही न घेता मागं फिरलीस. तुझी भावजय शांतादेवी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. तू पुन्हा या घराची पायरी चढावीस, एवढंच मला हवंय, आणि त्यासाठी जे घडलं ते पहिल्यापासून सांगतो. चष्मा लाव आणि बसून वाच.

सुरुवात सौंदर्यापासून झाली. आमची सून अठरा वर्षं दवाखान्यात, अतिदक्षता विभागात नर्स आहे हे तुला माहीत आहेच. गेल्या वर्षी नात कॉलेजात गेली आणि तिच्या पाठोपाठ हिनंही नाव घातलं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाची डॉक्टरेट, तीही घरबसल्या लॅपटॉपवर. विषय असा की, म्हाताऱ्या माणसांची तब्येत एकाएकी बिघडते तेव्हा नर्सनं ते लवकर कसं ओळखायचं आणि पुढं काय करायचं. तू म्हणशील यात शिकण्यासारखं काय आहे, मीही तेच म्हणालो होतो. त्यावर तिचं म्हणणं असं, की तरुण माणूस आजारी पडला की बोंबलतो आणि म्हातारं माणूस आजारी पडलं की लपवतं. दोन घास कमी जातात, चाल मंदावते, घरचे म्हणतात वय झालं, आणि तोवर उशीर होतो. (हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी पेपरात डोकं घातलं.) गल्लीला मात्र डॉक्टरेट म्हणजे डॉक्टर एवढंच कळलं. बाळासोनं पहिल्याच आठवड्यात तिला स्वतःचा गुडघा दाखवला, मग बायकोचा दाखवला आणि मग मोबाईलवर सासूच्या गुडघ्याचा फोटो दाखवला.

आता अभ्यास म्हटला की सराव आला, आणि सरावाला म्हातारं माणूस लागतं. घरात तशी दोन आहेत. पण शांतादेवीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘मी सासू हाय, माझी परीक्षा घ्यायची न्हाई,’ आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. राहिलो मी. सकाळी चहाच्या आधी रक्तदाब. मग हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून बघायची, पाणी कमी पितो की काय म्हणून. मग घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का ते बघायचं. मग प्रश्न, ‘मामा, आज वार कोणता?’ अक्का, चाळीस वर्षं गुळाच्या अडतीवर काढली, ढेप नुसती बघून वजन सांगत होतो, आणि आता रोज सकाळी वार सांगून पास व्हायचं. निवृत्त माणसाला वार आठवत नाही हा काही आजार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. शिवाय मी काही बोलायला लागलो की ती एकटक बघत राहते. सून आपलं किती मन लावून ऐकते म्हणून मी चार लोकांत कौतुकही केलं होतं. नंतर समजलं की बोलताना मी किती वेळा श्वास घेतो ते ती मोजते.

तर गुरुवारी तिची मोठी परीक्षा होती. तिकडच्या प्रोफेसरबाई लॅपटॉपवरून बघणार, त्यांची सकाळ आणि आपली संध्याकाळ, आणि हिनं एक अत्यवस्थ म्हातारा कसा तपासायचा ते करून दाखवायचं. या परीक्षेवर तिचं वर्ष अवलंबून होतं. म्हाताऱ्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. गडहिंग्लजच्या जत्रेतल्या नाटकात मी द्रौपदी झालो होतो आणि तूच मला तुझं लुगडं नेसवलं होतंस, आठवतं ना? त्यानंतर मला कोणी काम दिलं नव्हतं. सौंदर्यानं दुखणं समजावून सांगितलं. हृदय थकलेलं, त्यामुळे अंगात पाणी साठतंय. पायऱ्या चढताना धाप, पायाला सूज, रात्री आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणून पाठीशी उशांवर उशा, एक वाक्य बोलताना दोनदा थांबायचं. आणि विचारेल त्याला ठामपणे सांगायचं, ‘मला काय झालं न्हाई, वय झालं.’ हे शेवटचं वाक्य मी इतकं झकास म्हणायचो की शांतादेवी म्हणाली, ‘ह्यास्नी वेगळं पाठ करायला नगं.’

दुपारी भाड्याची दवाखान्यातली खाट आणि ऑक्सिजनची रिकामी नळकांडी आली. ती आणली बाळासोच्याच ओमनीतून. बाळासो मनानं सोनं आहे, पण त्याला एक सवय आहे, तो बातमी आधी सांगतो आणि चौकशी नंतर करतो. खाट उतरवताना त्यानं एवढंच विचारलं, ‘अण्णा कुठं हायती?’ शांतादेवी म्हणाली, ‘आत पडल्यात.’ (मी परीक्षेआधी डुलकी काढत होतो.) मग त्यानं खिडकीतून वाकून बघितलं तर मी तोंडाला मास्क लावून तालीम करतोय. झालं. ‘अण्णा लई शिरियस हायती’ असं त्यानं तालीम मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि लगोलग महांतेशला फोन लावला, कारण मिरच्या त्याच्याकडूनच घेतो ना तो. महांतेश बाहेरगावी, म्हणून त्यानं घरी कळवलं, आणि तू कुणाचीही वाट न बघता एसटीत बसलीस. तुमच्यापैकी कुणी आम्हाला फोन करून विचारलं कसं नाही, असं मी आधी रागानं म्हणणार होतो. पण परीक्षेत घंटी वाजू नये म्हणून सौंदर्यानं घरातले सगळे मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवले होते. आपल्याकडे आजारी माणसाच्या घरचा फोन लागेना, की लोक काय समजायचं ते समजतात.

कोल्हापुरात जेवणाला वेळ लागेल, फ्लेक्सला लागत नाही. पाच वाजता गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला, ‘अण्णा, लवकर बरे व्हा.’ त्यात माझा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि अकरा शुभेच्छुकांचे मात्र कमरेपर्यंत. (तो अजून तिथंच आहे. मी कालपासून त्याच्याखालून भाजी आणायला जातो आणि लोक माझ्याकडे जरा नाराजीनं बघतात.)

सहाला परीक्षा सुरू झाली. सौंदर्या गणवेशात, बाई पडद्यावर, मी खाटेवर. पहिली पाच मिनिटं तर मी बहारच केली. आणि मग लोक यायला लागले. आजारी माणसाला बघायला जाणं हे आपल्याकडे जेवणाआधी करायचं काम, त्याला अडवणार कोण? शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले, आणि बाळासो मटणाच्या पांढऱ्या रश्श्याची किटली घेऊन थेट आमच्या देवघरासमोरून आत आला. चाळीस वर्षांचा शेजार, आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, हे त्याला पाठ आहे. पण तो म्हणाला, ‘वैनी, औषधाला सोवळं नसतंय.’ शांतादेवी जागच्या जागी खाली बसली. खाटेभोवती वीसेक माणसं जमली आणि माझ्यासमोरच बोलायला लागली. एकजण म्हणाला, ‘माझ्या चुलत्याचं अस्संच झालंतं, सांच्यापारी गेलं.’ दुसऱ्यानं गावातल्या तिघांची नावं सांगितली. अक्का, मास्कमध्ये हवा नव्हती, पण तेवढ्यात मला खरोखरच धाप लागली. सौंदर्यानं मात्र तोल सोडला नाही. एकाला खिडकीपासून बाजूला केलं, एकाच्या हातात माझा चष्मा दिला, बाळासोला किटलीसकट कोपऱ्यात बसवलं, आणि तपासणी चालूच ठेवली. बाई भराभर लिहून घेत होत्या. त्यांना वाटलं असणार, केवढी तयारी केली आहे या मुलीनं.

आणि तेवढ्यात तू आलीस. ‘तम्मा, मला सोडून चाललास व्हय रं,’ असा तुझा हंबरडा दारातून आला. चौकट धरून उभी राहिलीस, हंबरडा मध्येच दोनदा तुटला, पुन्हा श्वास घेऊन तू तो पुरा केलास. आम्हाला वाटलं, दुःखानं गळा दाटला. मला राहवलं नाही. परीक्षा, भूमिका, सगळं विसरून मी ताडकन उठून बसलो, मास्क काढला आणि म्हणालो, ‘अक्का, मी बरा हाय, हे नाटक हाय.’ आणि वर हसलो. ते हसणं चुकलं, कबूल. तुला बघून आनंद झाला होता, तो चुकीच्या वेळी चेहऱ्यावर आला. तू म्हणालीस, ‘नाटक? ताटावरनं उठून आले मी. आता माझ्या मातीलाबी येऊ नगंस,’ आणि पाठ फिरवून रिक्षात बसलीस.

यापुढचं तुला माहीत नाही. तू वळलीस तशी सौंदर्या हातातलं सगळं टाकून तुझ्यामागं धावली, अनवाणी, गल्लीच्या तोंडापर्यंत. रिक्षा निघून गेली होती. इकडे अत्यवस्थ रोगी खाटेवर मांडी घालून बसलेला, नर्स गायब, आणि पडद्यावर बाई चष्मा सारखा करून बघतायत. तेव्हा बाळासोनं पुढं होऊन किटली लॅपटॉपला दाखवली आणि विचारलं, ‘म्याडम, घेणार काय थोडा?’ परीक्षा तिथंच मोडली.

तर असं हे घडलं. यात माझा दोष हसण्यापुरता, बाळासोचा घाईपुरता आणि सौंदर्याचा काहीच नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढ. महांतेशला आशीर्वाद, म्हशीला वैरण.

तुझा (धडधाकट) तम्मा,
गुरुसिद्ध

ता. क. सौंदर्या तुझी समजूत काढायला धावली असं मलाही वाटलं होतं. रात्री जेवताना विचारलं तर म्हणाली, ‘मामा, अक्कांना आपल्या दारातल्या तीन पायऱ्या चढल्यावर चौकट धरावी लागली. एवढ्याशा वाक्यात त्या दोनदा थांबल्या. चप्पल काढली तेव्हा पट्ट्याचा वळ पायावर खोल उमटलेला होता.’ वीस माणसं मला बघत होती आणि ती तुला बघत होती. काल तू देवघरात होतीस तेव्हा मी तुझ्या सुनेशी बोललो. महिनाभर तू वळकटीला टेकून बसून झोपतेस म्हणे, आणि कुणी विचारलं की सांगतेस, वय झालं. अक्का, हे माझं पाठ केलेलं वाक्य आहे. तू ते न शिकवता म्हणतेस. हे पत्राच्या सुरुवातीला लिहिलं असतं तर तू तिथंच फाडून चुलीत घातलं असतंस. भांडण मात्र तू शेवटपर्यंत वाचतेस, म्हणून भांडण वर घातलं.

दुसरं ता. क. प्रोफेसरबाईंनी काल सौंदर्याला विचारलं, ऐन परीक्षेत रोगी सोडून का गेलीस? ती म्हणाली, खाटेवरचा नाटक करत होता, दारातली करत नव्हती. बाई म्हणाल्या, परीक्षा पुढच्या महिन्यात परत घेऊ, आधी त्यांना घेऊन ये. तेव्हा तुझ्यामुळे पोरीचं अडलंय, हे ध्यानात ठेव. आजारी म्हणून येऊ नकोस, तुझा अपमान होईल. सुनेच्या अभ्यासाला मदत म्हणून ये. तिनं सोमवारी दाखवू म्हटलं होतं, मीच आजचं ठरवलं. डॉक्टरांना सांगून ठेवलंय, ते दुपारपर्यंत थांबणार आहेत.

तिसरं आणि खरं. बाळासो पत्र द्यायला आलेला नाही, तुला न्यायला आलाय. ओमनी दारात उभी आहे, मागच्या सीटवर शांतादेवीनं तीन उशा रचल्यात, आणि तुला घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं मी त्याला सांगितलंय. त्याला चहा दे, तेवढ्यात लुगडं बदल. किटली आणली असेल तर ती मात्र महांतेशकडे ठेवून ये. परवा मास्क लावून पडल्या पडल्या तुझा हंबरडा ऐकला तेव्हा कळलं, माझ्यासाठी एवढं रडणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मला तसं रडता येत नाही, अक्का. ती पाळी माझ्यावर आणू नकोस. ये.