जेवायला चौघं, नाटकाला तिघं

रविवार, ८ जानेवारी

मासे छान होते. चिमणीचा नवराही छान वागला. तरी घरी आल्यापासून काहीतरी टोचतंय, आणि तो काटा नव्हे.

आमचा रविवार तिघांचा — मी, चिमणी आणि ग्रंथपाल. अकरा वर्षं झाली. एक आड एक रविवारी दुपारी नव्या हॉटेलात जेवायचं, मग काहीतरी बघायचं किंवा ऐकायचं, मग कॉफी आणि भांडण. एकदा गेलो त्या हॉटेलात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आणि जेवताना फेरी! प्रत्येकाचं ताट टेबलाभोवती फिरतं, ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या ताटातला एक घास घ्यायचा. शाळेच्या डब्यापासून चिमणीची नि माझी ही खोड आहे. ग्रंथपालांना आम्ही बिघडवलं.

आज नवरा पहिल्यांदाच आला. हा सर्व्हेअर आहे, विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी चिमणीनं लग्न केलं तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले होते. गडी हसरा आहे. दात झकास, सगळे स्वतःचे. सव्वीस वर्षं लॅबमध्ये कवळ्या बनवतेय (म्हणून तर ही दोघं मला ‘कवळी’ म्हणतात), तेव्हा दातांतलं मला कळतं.

फेरी सुरू झाली. चिमणीनं ताट सरकवलं आणि त्यानं त्यावर अलगद हात ठेवला. “नको. उष्टं बाधतं तिला.” अगदी प्रेमानं.

हिला उष्टं बाधतं! दहा वर्षं माझा अर्धा डबा हिनेच संपवला. मी तिच्याकडे बघितलं. ती पाणी पीत होती.

नंतर फोटोंचं प्रदर्शन. कोसळलेल्या पुलांचे फोटो. प्रत्येक फोटोसमोर उभा राहून तो पूल का पडला ते सांगायचा. “कुठलाही अपघात असू दे, खरं कारण मला दहा मिनिटांत कळतं.” ग्रंथपाल खूश, त्यांना माहिती देणारा कुणीही आवडतो. चिमणी फोटो बघतच नव्हती. पुढे जायचं की थांबायचं ते त्याच्या तोंडावरून बघत होती.

निघताना म्हणाला, “ताई, मलाही तुमच्या ग्रुपवर घ्या की. नाटकाबिटकात मला झोप येते, पण जेवायला येत जाईन.” घेतलं. मीच घेतलं.

सोमवार, ९ जानेवारी

चिमणीला फोन केला, त्यानं उचलला. ती आंघोळीला गेलीय म्हणाला. तासाभरानं पुन्हा केला. पुन्हा आंघोळच.

रविवार, २२ जानेवारी

आजचं हॉटेल अंधाराचं. खरंच, काळोखात जेवायचं. वाढणारे अंध, ते खांद्यावर हात ठेवायला लावून आत नेतात. फोन, घड्याळं सगळं बाहेर कपाटात ठेवायचं. फोन ठेवणं सर्व्हेअरच्या अगदी जिवावर आलं. दोनदा विचारलं, “दुसरा दरवाजा आहे का आतून?” वाढप्यानं त्याला बसवलं समोरच्या बाजूला आणि चिमणीला माझ्या शेजारी.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. ग्रंथपाल सूप शोधत होते आणि सूप सोडून सगळं त्यांना सापडत होतं, त्यावर हसणं चाललं होतं. एवढ्यात माझ्या ताटात कुणाचा तरी हात आला. चिमणी! भराभर खात होती, माझ्या ताटातलं, बोटांनी. मला हसू आलं. मी तिच्या मनगटावर चापटी मारली तर केवढी दचकली!

मग तिनं माझा हात धरला, तोंडाशी नेला आणि माझं बोट ओठाच्या आत ठेवलं.

वरचा पुढचा दात, डावा. अर्धा नव्हता. तिरका तुटलेला, कड धारदार. ओठ आतून सुजलेला.

“चिमणी?” समोरून आवाज आला. रागानं नाही, सहज.

“इथंच आहे,” ती म्हणाली. हात सोडला.

बाहेर उजेडात ती ओठ मिटून हसली. मग चेलोवादन झालं. त्यातला एकही सूर आठवत नाही.

बुधवार, २५ जानेवारी

दातांच्या डॉक्टरांकडून ठसा आला. चिठ्ठीत लिहिलंय: बाथरूममध्ये पडल्या, पुढचा दात बसवणे. ठसा प्लास्टरमध्ये ओतला आणि चिमणीचं तोंड माझ्या टेबलावर बसलं. दोन वर्षांपूर्वी हिच्या एका दाढेची कॅप बनवली होती, तेव्हाच्या दाढा मला पाठ आहेत. आता चारी बाजूंनी घासून सपाट झाल्यात. झोपेत दात खाते म्हणजे. किती महिने?

संध्याकाळी भांडी पुसताना वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “नवरा-बायकोचं आहे ते. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं तोंडानं सांगितलंय का तुला काही? नाही ना? मग तू नको मध्ये पडूस.” दादानं पेपर वर केला. तो वर गेला की दादा घरात नसतो.

मी गप्प बसले. खरं लिहायचं तर, गप्प बसायला सांगितलं याचं बरं वाटलं. भ्याले मी.

शनिवार, २८ जानेवारी

दात झाला. रंग तंतोतंत जुळला. कुणालाही कळणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामाची लाज वाटली.

रविवार, ५ फेब्रुवारी

अठराव्या मजल्यावरचं फिरतं हॉटेल. तासाभरात सगळं शहर ताटाभोवती फिरून जातं. फेरी मात्र बंद. कुणी बंद केली नाही, कुणी सुरूच केली नाही. ग्रंथपालांनी एकदा ताट उचललं आणि सर्व्हेअरकडे बघून खाली ठेवलं. म्हणजे त्यांनाही दिसतंय.

चिमणीसाठी त्यानंच मागवलं. तिनं खाल्लं. “आवडलं ना?” “आवडलं.”

ती हात धुवायला उठली, मीही उठले. तोही उठला. बायकांच्या दाराबाहेर पाठीमागे हात बांधून उभा! आत चिमणीनं दोन्ही नळ सोडले आणि माझ्या कानाशी बोलली. रडली नाही. पाठ केल्यासारखं सांगितलं.

“एकोणीस तारखेचं नाटक. तो आत येत नाही. मध्यंतरात मी मागच्या दारानं निघणार. अक्का गाडी घेऊन येईल. तू कडेची खुर्ची घे. बाकी काही करू नकोस.”

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आठ वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं, आईच्या आजारपणावरून. सर्व्हेअरला वाटतं अजून नाही. चिमणीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून तिला फोन केला होता, दोन मिनिटं. नंबर मला दिला नाही, पत्ता दिला, खाणाखुणांसकट, आणि म्हणाली, “माझी सर्टिफिकेटं लायब्ररीत आहेत, ती मागाहून पाठव.” म्हणजे ग्रंथपालांना ठाऊक होतं? नाही म्हणाली, त्यांना फक्त पाकीट सांभाळायला दिलंय, त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. असा माणूस विरळा.

“कवळे, कुणाला बोलू नकोस.”

“दातखीळ बसली समज,” मी म्हटलं. ती हसली. माझा दात दिसला.

बाहेर आलो. त्यानं घड्याळ बघितलं. “नऊ मिनिटं,” म्हणाला. हसून.

सोमवार, ६ फेब्रुवारी

खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दाखवायचे दात मीच बनवतेय आणि मलाच ओळखता आले नाहीत.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

तिकिटं काढली. क रांग, चौदा नंबर, कडेची, मागच्या दाराला सगळ्यात जवळची. स्वतः जाऊन पावलं मोजून आले. बावीस.

पत्रक टाकलं ग्रुपवर. दर वेळचं काम आहे माझं, हॉटेल, वेळ, माणसं, गाडी कुठे लावायची, सगळं. ग्रंथपाल त्याला गॅझेट म्हणतात. न टाकून चाललं नसतं, त्याला संशय आला असता. नेहमीसारखंच टाकलं. डोकं थंड ठेवलं, याचं माझं मलाच कौतुक वाटतंय.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

सकाळी ग्रंथपालांचा फोन. “अहो कवळी, या वेळी गॅझेटात चूक कशी? कॉफीला दोघंच? चिमणी कुठं जाणार?”

उघडून बघितलं. माझ्याच बोटांनी लिहिलंय —

जेवायला चौघं. नाटकाला तिघं. कॉफीला दोघं.

कॉफीवाल्याला आकडा आधी द्यावा लागतो. ती नसणार हे मला माहीत होतं, म्हणून आकडा बरोबर लिहिला! अकरा वर्षांत एकदाही आकडा चुकला नाही माझा, आणि आता तरी कसा चुकेल! दर वेळी कार्यक्रम सुटला की तो तिला न्यायला येतो आणि कॉफीला बसतो. चौघं लिहायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पत्रक पुसलं. उपयोग काय, सगळ्यांनी वाचलं होतं. त्यानं खाली अंगठा टाकला होता, काल रात्री सव्वानऊला.

चिमणीचा फोन बंद.

शनिवार, १८ फेब्रुवारी

बंद. तिच्या घराखालून दोनदा गेले. खिडक्या लावलेल्या. वर जायची हिंमत झाली नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

तो एकटाच आला.

दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला. भरलं हॉटेल, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चाललेला, आणि हा हुंदके देऊन रडतोय.

“शुक्रवारी सकाळी आंघोळीहून बाहेर आलो तर घरात नाही. चपला दारात, फोन ओट्यावर. अनवाणी गेली हो. तळ्याकडे बघून आलो, रेल्वेचे रूळ बघून आलो. तिनं जिवाचं काही केलं असेल का, ताई?”

अनवाणी! तिनं ठरवलं होतं आजचं. आजची गाडी, आजचं दार. शुक्रवारी चपलेशिवाय कोण कुठे जातं? माझ्या डोळ्यांसमोर तळंच आलं. आणि त्या तळ्यापर्यंत तिला नेणारं पत्रक माझं. त्यानं ते वाचून तिला काय विचारलं असेल, काय केलं असेल...

“तुम्ही मारलंत का तिला?” मी विचारलं. ग्रंथपालांचा चमचा खाली पडला.

त्यानं मान डोलावली. “हो. एकदा. त्याची शिक्षा द्या मला हवी ती. पण आधी ती जिवंत आहे एवढं कळू द्या.”

नाही म्हणाला असता तर मी उठून गेले असते. हो म्हणाला म्हणून विश्वास ठेवला.

नाट्यगृहाशी गेलो. मागच्या दारी मी पाऊण तास उभी राहिले. अक्काची गाडी नाही. कुणीच नाही. तो पायऱ्यांवर बसून होता. मग मी सांगितलं की अक्काशी तिचं पुन्हा बोलणं होतं, तिथं असेल तर असेल. अक्काचा नंबर माझ्याकडे नाही, पत्ता आहे.

“मी जाणार नाही, ताई. मला बघून ती घाबरेल. तिथल्या चौकीला कळवतो, ते जाऊन बघतील.”

हे मला शहाणपणाचं वाटलं. पत्ता पाठवला. नेहमीच्या सवयीनं खुणांसकट — पेट्रोल पंपावरून डावीकडे, निळं फाटक, बेल बिघडलीय, कडी वाजवा.

ग्रंथपाल घरी सोडायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, “तो रडत होता तेव्हा डोळे पुसायला त्यानं रुमाल घडी मोडून काढला आणि पुन्हा घडी घालून ठेवला.”

सोमवार, २० फेब्रुवारी

लॅबच्या फोनवर, पावणेअकराला, चिमणी! अक्काच्या घरून. “तुझा मोबाईल नंबर पाठ नाही गं, लॅबचा शोधायला सोमवार उजाडला.” आवाज शाळेतला. पत्रकातली चूक तिनं माझ्याआधीच बघितली म्हणे, शुक्रवारी पहाटे, त्याच्या फोनवर, खाली त्याचा अंगठाही. आता हा रविवारची वाट बघत बसणार हे ओळखलं, आणि तो आंघोळीला गेल्या गेल्या निघाली. “तुझ्या चुकीनं दोन दिवस आधी सुटले, कवळे. अक्कानं काल माझ्या ताटातलं खाल्लं. इथला पत्ता त्याला सात जन्मांत सापडायचा नाही.”

मी सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “थांब हं, कडी वाजतेय. अक्का भाजीला गेली होती, तीच असेल.” फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. उघडू नकोस, उघडू नकोस म्हणून मी ओरडले, लॅबमधले सगळे उठून उभे राहिले. मग फोन कुणीतरी उचलला आणि जागेवर ठेवला.

पोलिसांना लावला. पत्ता नीट सांगा म्हणाले, खुणांसकट. काल पाठवलेला उघडला आणि वाचून दाखवला.