दिवा लागला, पंखा फिरला

प्रिय बारक्या,

या वयात तुला बारक्या म्हणतोय म्हणून हसू नकोस. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालास तेव्हाच हे नाव बदलायला हवं होतं, पण तेव्हा कुणाला सुचलं नाही आणि आता माझी जीभ दुसऱ्या नावाला वळत नाही. तब्येत कशी आहे असं मी विचारत नाही. तुझी बायको रोज सकाळी फोन करून सगळं सांगते, आणि ती जे सांगत नाही तेही मला तिच्या आवाजावरून कळतं. मी दुकानात बसून लिहितोय. शटर अर्धं खाली ओढलंय, म्हणजे गिऱ्हाईक समजेल की मी जेवायला गेलोय. पाने-पकडी, टेस्टर, वायरींचे तुकडे असं सगळं बाजूला सारून वहीपुरती जागा केली, तरी पहिल्याच पानाला काळं बोट लागलं. ते तसंच राहू दे. माझं पत्र आहे हे तुला वेगळं सांगावं लागणार नाही.

बातमी एकच आहे. आपली जुनी गाडी गेल्या आठवड्यात भंगारात गेली. दुकानाच्या मागे उभी होती इतकी वर्षं, चारही चाकं बसलेली, सीटमध्ये मांजरीने दोनदा पिल्लं घातलेली. न्यायला आलेला माणूस बोलका होता. डॅशबोर्डखाली वाकून म्हणाला, "हे कसलं बटण बसवलंय हो, ही काय बेडरूम आहे का?" मी म्हटलं, होतं काहीतरी जुनं. मग त्याला थांबवून बटण आणि त्याच्या शेजारचा छोटा लाल दिवा दोन्ही काढून घेतले.

अकरा वर्षांत आपण दोघांनी त्या गाडीचं नाव काढलेलं नाही. आईला घेऊन तू निघालास, चढणीवर इंजिन उकळून गाडी बंद पडली आणि आई दवाखान्यात वेळेत पोचली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पंख्याचं बटण दाबायला तू विसरलास, हेही सगळ्यांना माहीत आहे. मला आज त्या बटणाबद्दलच लिहायचंय. तू पडल्या पडल्या म्हणशील की दादाला आताच बरं सुचलं. खरं आहे तुझं. पण ऐक.

ते बटण का आलं ते आठवतंय ना? रेडिएटरचा पंखा आपोआप चालू करणारा सेन्सर गेला होता. पाणी तापलं की त्याने पंख्याला इशारा द्यायचा, तर तो मुका झाला. त्या गाडीचा सेन्सर कुठे मिळेना. मी सगळीकडे शोधून हात टेकले आणि मग मला माझी हुशारी सुचली. बॅटरीपासून पंख्यापर्यंत वेगळी वायर टाकली, मध्ये फ्यूज, मध्ये पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा रिले, आणि रिलेला हुकूम द्यायला आत डॅशबोर्डखाली एक बटण. तापमानाचा काटा अर्ध्यावर आला की दाबायचं, खाली आला की बंद करायचं. जेमतेम एका दुपारचं काम. गाडीच्या अकलेपेक्षा माणसाची अक्कल बरी, असं मी बाबांना छाती फुगवून सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "माणूस कोण आहे त्यावर आहे." ते तुझ्याकडे बघून म्हणाले, आणि आपण सगळे हसलो. तूही हसलास.

तुझा आणि यंत्रांचा छत्तीसचा आकडा. शाळेच्या ऑफिसात बसून हजेरीपटावर मोत्यासारखं अक्षर काढणारा तू, तुला बॉनेट कुठून उघडतं हेही माहीत नव्हतं. म्हणून तर मी तो लाल दिवा लावला. बटण दाबलं की दिवा लागेल, म्हणजे तुला कळेल की पंखा फिरतोय. तुला मी दोन वेळा बजावलं होतं, शब्द न् शब्द आठवतो मला: काटा थोडा वर गेला तरी दिवा लागलेला असेल तर घाबरायचं नाही, पाणी थंड व्हायला वेळ लागतो, पुढे चालत राहायचं. आणि तू सांगितलं तसं करणारा. काटा अर्ध्यावर आला की बटण दाबायचास आणि शाळेत हजेरी दिल्यासारखं मोठ्याने म्हणायचास, "दिवा लागला!" मागच्या सीटवरून आई म्हणायची, "पंखा फिरला!" नंतर नंतर तर ती तुझ्याआधीच म्हणायला लागली होती. मी चालवत असलो आणि बोललो नाही तर रागवायची, की तुला काही शिस्तच नाही.

आता त्या दुपारचं एक सांगतो, जे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. दिव्याची वायर कुठून घ्यायची हा प्रश्न होता. नीट करायचं तर ती पंख्याच्या जवळून घ्यायची, म्हणजे पंख्याला खरोखर वीज पोचली तरच दिवा लागेल. पण त्यासाठी इंजिनाकडून आत गाडीत आणखी एक वायर ओढून आणावी लागली असती, अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागला असता. मी घामाघूम झालो होतो, कंबर धरली होती. मी दिवा सरळ बटणालाच जोडला. बटण दाबलं की दिवा लागतो. पंखा फिरो न फिरो. मला हे तेव्हाही कळत होतं, बारक्या. मी स्वतःशी म्हटलं, पंखा न फिरायला काय झालंय, मी जोडलाय. आणि फ्यूज ज्यात बसतो ती प्लॅस्टिकची डबी, तीही ड्रॉवरमध्ये पडलेली बारीक वायरची होती तीच लावून टाकली. पंख्याचा भार फार वेळ पडला तर बारीक वायर तापते, पण जाड नंतर बदलू म्हटलं.

त्या दिवशी सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी एका ट्रकच्या खाली होतो आणि फोन वर टेबलावर वाजत होता. तू ऑफिसातून धावत आलास, आईला मागे बाबांच्या मांडीवर झोपवलंस आणि निघालास. चढ लागल्यावर काय झालं ते तुला माहीत आहे आणि मला ऐकून माहीत आहे. काटा वर चढत गेला. तू दिव्याकडे बघत राहिलास आणि चालवत राहिलास, कारण दादाने तसं सांगितलं होतं. मागे बाबांची नजर आईवरच होती, त्यांना दिवा दिसला नाही. मग वाफ आली आणि गाडी थांबली, अशा जागी की मागे जाता येईना, पुढे जाता येईना. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. चढणीच्या पायथ्याला पेट्रोल पंप होता, भाड्याच्या रिकाम्या गाड्या उभ्या होत्या, पण दिवा लागलेला होता, तिथं थांबायचं तुला कारणच नव्हतं.

दवाखान्याच्या त्या लांब खोलीत, निळ्या खुर्च्यांपाशी, बाबांनी तुला नाही, मला विचारलं, "गाडी का बंद पडली?" मेकॅनिक मी होतो ना. मी उत्तर द्यायच्या आत तू म्हणालास, "दादा, दिवा लागला होता." तुझा शर्ट पुढून पूर्ण ओला होता, रेडिएटरवर पाणी ओतताना भिजलेला, आणि हाताला भाजलं होतं. आणि मी मामा, आत्या, शेजारी सगळ्यांसमोर म्हणालो, "दिवा लागला असता तर पंखा फिरला असता." एवढंच म्हणालो. आवाजही चढवला नाही. त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं, एवढं तरी माझ्या बाजूने धर. शोकात माणूस काहीही धरून बसतो, मी माझ्या वायरिंगला धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून दुकानात आणली. मी आधी डॅशबोर्डखाली हात घातला. बटण दाबलेलं होतं. चावी फिरवली आणि लाल दिवा लागला, अगदी झटकन, आज्ञाधारकपणे. आणि पुढे पंखा गप्प. बॉनेट उघडलं तर ती फ्यूजची डबी वितळून तिचा गोळा झालेला, आतली तार काळी. मी त्या सीटवर किती वेळ बसलो ते माहीत नाही. दिवा समोर लागलेलाच होता. मग मी उठलो आणि, देव मला क्षमा करो न करो, काम केलं. जाड वायरची नवी डबी लावली. डॅशबोर्ड खोलला, वायर आत ओढली आणि दिवा पंख्याकडून घेतला, जसा पहिल्यांदाच घ्यायला हवा होता. त्या दिवशी माझी कंबर दुखली नाही.

तिसऱ्या दिवशी तू आलास. न बोलता गाडीत बसलास, चावी फिरवलीस, बटण दाबलंस. दिवा लागला. पंखा फिरला. तू बंद केलंस, पुन्हा दाबलंस. पाच-सहा वेळा. मी टेबलापाशी उभा राहून एका वायरची टोकं सोलत होतो, उगाच. तू खाली उतरलास तेव्हाचा तुझा चेहरा मी रोज बघतो. तू म्हणालास, "म्हणजे मीच विसरलो असेन." मी नाही म्हटलं नाही. मी हो देखील म्हटलं नाही, आणि कितीतरी वर्षं मी त्यातच माझा मोठेपणा मानला.

का बोललो नाही? उद्या सांगू, असं आधी वाटलं. मग बाबांनी तुझ्याशी बोलणं सोडलं, आणि सांगायचं तर बाबांनाही सांगावं लागणार होतं. माझ्या हातचं काम म्हणजे लोक डोळे झाकून गाडी घेऊन जातात, ही माझी सगळी इभ्रत. ती राखायला मी तुला बळी दिलं. बाबा गेले तेव्हा तू दारातच उभा राहिलास, आत यावं की नाही ते कळेना तुला, आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळे म्हणाले, बघा, थोरल्याचं मन किती मोठं. मी तो हात काढला नाही.

तू गाव बदललंस, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाहीस, हे मला कळत होतं. पण बाकीचं तुझ्या बायकोने या दोन महिन्यांत सांगितलं. गॅस बंद केला की नाही ते तू चार वेळा जाऊन बघतोस. कुलूप लावून निम्म्या रस्त्यातून परत येतोस. मुलीला लहानपणी कधी एकट्याने कडेवर घेतलं नाहीस, तिला कुठे ठेवून विसरीन म्हणायचास. ऑफिसात स्वतःच केलेली बेरीज दुसऱ्याकडून तपासून घ्यायचास. अरे, तू घरातला सगळ्यात पक्क्या आठवणीचा मुलगा! माझे पाढे तू म्हणून दाखवायचास. तुझाच हात तुला परका केला मी, आणि ते आता कुठल्याही वायरने जोडता येणार नाही.

काल तुझ्या बायकोचा फोन दुपारी पुन्हा आला. म्हणाली, "दादा, दोन दिवस हे एकच बोलतायत. दादाला बोलवा, आईचं माफ केलं एवढं त्याच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही एकदा या आणि तेवढं म्हणा, म्हणजे सुटतील बिचारे." मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. किती सोपं आहे बघ माझं काम. खाटेशी बसायचं, हात हातात घ्यायचा, माफ केलं म्हणायचं, आणि सगळे पुन्हा म्हणतील थोरल्याचं मन मोठं. उद्या सकाळच्या बसने निघतोय. समोर आलो की माझी जीभ तेच करेल याची मला खात्री आहे, म्हणून हे लिहून आणतोय. तुझ्या बायकोच्या हातात देईन, ती सकाळी तू जागा असशील त्या तासाभरात मोठ्याने वाचेल आणि मी तिथंच उभा राहीन. भीती एकच वाटते, की तू विश्वास ठेवणार नाहीस. म्हणशील, दादा माझं मन राखायला खोटं बोलतोय. अकरा वर्षं माझं खोटं तू खरं मानलंस, आता हे खरं तुला खोटंच वाटेल. म्हणून सोबत ती वितळलेली डबी आणतोय. टाकून द्यायचं धाडस झालं नाही, खिळ्यांच्या डब्यात तळाशी ठेवली होती. तुझ्या मुठीत देईन, डोळे उघडत नसले तरी बोटांना लागेल. तुला मी माफ करू शकत नाही बारक्या, माफ करण्यासारखं तू काही केलंच नाहीस. आणि तुझ्याकडे माफी मागायला आता तुझ्याजवळ वेळ नाही, माझ्याजवळ तोंड नाही. तू बटण दाबलं होतंस. दिवा लागला होता.

तुझाच,
दादा